कासव किती वळतं

शैला, काल मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि मी बोलून गेले, "आज मेथी जरा कडूच झाली वं." कोणी मान वळवून पाहिलं नाही. पाहणार तरी कोण? मराठीत बोलले होते मी. त्या स्टाफरूममध्ये मराठी कळणारी तू एकटी, आणि तुला जाऊन काल नऊ दिवस झाले. समोर बसलेल्या हिंदीच्या मैडमनी विचारलं, "कुछ कहा आपने?" मी म्हटलं, "नहीं, कुछ नहीं," आणि डब्यात मान घातली.

तुझ्या घरी रोज जाऊन येते. भाऊजी दारातल्या खुर्चीवर बसलेले असतात आणि येणारा-जाणारा त्यांना तुझे गुण सांगून जातो. शांत होत्या, मनमिळाऊ होत्या, कधी कोणाला दुखावलं नाही. शांत? तू? मला हसू येतं, म्हणून मी आत जाऊन कपबश्या विसळत बसते. तू किती आगाऊ, किती हेकट आणि किती टोचून बोलणारी होतीस, हे त्या बैठकीत कोणाला सांगू? तुलाच सांगते. तसंही आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे.

शेवटचे अकरा दिवस आपण एकमेकींशी हिंदीत बोललो. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणेल, त्यात काय एवढं? अख्खं जबलपूर हिंदीतच बोलतं. पण तुला आणि मला ठाऊक आहे त्याचा अर्थ काय होता. तुझे बाबा फॅक्टरीत, माझे रेल्वेत, दोघींचं माहेर इथलं, सासर इथलं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. आपली पोरं तर घरातसुद्धा हिंदीतच उत्तर देतात. पण स्टाफरूमच्या खिडकीखालच्या त्या दोन खुर्च्यांत बावीस वर्षं मराठी चालली. प्रिन्सिपलची नक्कल मराठीत, घरच्या कुरबुरी मराठीत, आणि तुझं ते रोजचं, "काहून वं, तोंड काहून पाडून बसली आज?" तेही. मग ते भांडण झालं आणि दुसऱ्या सकाळी मी तुला म्हटलं, "शैला मैडम, ज़रा अटेंडेंस रजिस्टर दीजिएगा." तू एक क्षण माझ्याकडे पाहिलंस. मग रजिस्टर पुढे केलंस आणि म्हणालीस, "लीजिए."

भांडण कशावरून, तर त्रिकोणावरून. लोक वेड्यात काढतील आपल्याला.

या वर्षी शाळा उघडली तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये प्रिन्सिपलनी जाहीर केलं, तिसरीपासून कोडिंग सुरू. कम्प्युटरचे सर एकच, ते मोठ्या वर्गांनाच पुरत नाहीत, तेव्हा प्राथमिकच्या क्लास टीचरनीच शिकवायचं. पुस्तकं आली आहेत, दोन दिवसांचं ट्रेनिंग होईल. सगळ्या जणी आपापल्या डायरीत बघत बसल्या. तू उभी राहिलीस. "सर, पाँचवीं के बच्चे तेरह का पहाड़ा अभी उँगलियों पर गिनते हैं. कोडिंग किस उँगली पर करेंगे?" खोली हसली, प्रिन्सिपलही हसले. पण ठरलेलं ठरलेलंच होतं. आजूबाजूच्या शाळांनी सुरू केलं होतं आणि पालक गेटवर विचारून राहिले होते.

मला मात्र मनातून आनंद झाला होता, आणि तो तुला दिसला. "झाली का सुरू आमची कम्प्युटरवाली!" असं तू माझ्या कानाशी म्हणालीस. तुला कारण माहीत नव्हतं. माझा समीर हैदराबादला दिवसभर हेच काम करतो. काय करतो म्हणून फोनवर विचारलं की म्हणतो, "आई, छोड़ो ना, तुम नहीं समझोगी." पोटचा पोरगा असं बोलला की कुठे लागतं, ते तुला सांगायलाही मला लाज वाटायची. आता समजेल, असं मला वाटलं. म्हणून मी ट्रेनिंगला पहिल्या रांगेत बसले.

आणि तू शेवटच्या. ते ट्रेनिंगवाले सर आठवतात? बारीक, टाय लावलेले. कोडिंग म्हणजे काय हे समजवायला त्यांनी चहा करायच्या पायऱ्या फळ्यावर लिहिल्या. पातेलं ठेवा, पाणी घाला, साखर, पत्ती, दूध, गाळा. "देखिए मैम, बस इतना ही है कोडिंग." मागून तुझा आवाज आला. "भैया, गैस बंद करना तो लिखा नहीं आपने. आपका पतीला तो जल गया." ते लाजून हसले आणि एक ओळ वाढवली. तू म्हणालीस, "और चालू कब किया था?" आम्ही पोट धरून हसलो. मला वाटलं, ही बाई नुसती खोडी काढून राहिली आहे. आता वाटतं, त्या हॉलमध्ये पहिल्या पाच मिनिटांत ज्याला ते कळलं, असं माणूस तू एकटीच होतीस.

मला सर्टिफिकेट मिळालं. तुलाही मिळालं, पण तू त्यात घरी जाताना पेरू गुंडाळून नेलेस. मी माझं कपाटाच्या काचेला लावलं.

मग वर्ग सुरू झाले. तुला पाचवी, मला चौथी. पुस्तकात ते कासव होतं, पडद्यावर फिरणारं. "पुढे जा शंभर" म्हटलं की चालतं आणि मागे रेघ सोडतं. "उजवीकडे वळ नव्वद" म्हटलं की तोंड फिरवतं. हे चार वेळा सांगितलं की चौकोन तयार. इतकं सोपं, इतकं गोड. पण लॅबमध्ये चौदा कम्प्युटर, त्यातले चालू नऊ, आणि आमच्या चौथीचा नंबर पंधरा दिवसांतून एकदा. त्या दिवशी लाइट असली तर. मग मी काय केलं? बावीस वर्षं जे केलं तेच. फळ्यावर प्रोग्राम लिहिला आणि पोरांना फेअर वहीत उतरवून घ्यायला सांगितला. पट्टीनं समास, लाल पेननं शीर्षक, खाली दोन रेघा. पाठ करून या, शुक्रवारी टेस्ट. आपल्या शाळेत जे वहीत नाही ते शिकवलंच नाही असं धरतात, हे तू पण नाकारणार नाहीस. प्रिन्सिपलनी वह्या तपासल्या आणि माझ्या चौथीच्या वह्या सगळ्यांना दाखवल्या.

आणि तू? तू पोट्ट्यांना मैदानात नेलंस. एकाच्या डोळ्यांवर रुमाल, तो कासव. दुसरा हुकूम सोडणार. "चार कदम आगे! दाएँ मुड़!" माझ्या वर्गाच्या खिडकीखाली असा धिंगाणा की मी दोनदा खिडकी लावून घेतली. डब्याच्या वेळी मी तुला म्हटलं, "तुझे पोट्टे लंगडी खेळून राहिले आणि माझ्या पोट्ट्यांच्या वह्या भरल्या." तू घास गिळून म्हणालीस, "भरू दे. वह्याच भरतील." मला झोंबलं ते.

तू तुझ्या पुतण्याचा जुना लॅपटॉप मागून आणला होतास आणि रोज संध्याकाळी त्यावर ते कासव फिरवत होतीस, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. भाऊजींनी सांगितलं. म्हणे, भाजी फोडणीला टाकून ही टेबलाशी जाऊन बसायची. मी विचारलं तर तू म्हणालीस, "मीटिंगमध्ये विरोधात मी बोलली ना. मग मला तर आलंच पाहिजे." ट्रेनिंगमध्ये पहिल्या रांगेत बसलेल्या मी मात्र घरी एकदाही ते उघडून पाहिलं नाही. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं ना.

एक मात्र मी आजही सोडणार नाही, शैला. तू म्हणायचीस की लहान पोरांना पडद्यासमोर बसवायचंच नाही, पाचवीपर्यंत नुसतं पायानं, खडूनं, मैदानात. ते मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. माझ्या वर्गातली ती खुशबू, तिलवाऱ्याकडून येते, वडील टेम्पो चालवतात. तिनं कम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो आपल्या लॅबमध्ये. विजय नगरच्या पैसेवाल्या पोरांच्या घरी दोन-दोन आहेत, त्यांना शाळेत नाही दाखवला तर काही बिघडत नाही. हिला आपण नाही दाखवला तर कोण दाखवणार? हे मी तुला स्कूटीवर मागे बसून म्हटलं होतं. तू पूर्ण एक सिग्नल गप्प राहिलीस. तुझ्यासाठी ते फारच झालं. मग म्हणालीस, "अच्छा. विचार करते." त्याचं उत्तर तू अजून दिलं नाहीस. मी वाट पाहत होते.

आता त्रिकोण.

टेस्टमध्ये प्रश्न होता, कासवाकडून त्रिकोण काढून घ्या. तो प्रोग्राम मी वर्गात फळ्यावर लिहून दिला होता. पुढे जा शंभर, उजवीकडे वळ साठ, असं तीन वेळा. साठच ना? त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या असल्या की प्रत्येक कोन साठ, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. अडतीस पोरांनी फेअर वहीत साठ उतरवलं होतं आणि सदतीस पोरांनी टेस्टमध्ये साठ लिहिलं. सदतीस जणांना मी पूर्ण गुण दिले. एकटीनं लिहिलं होतं एकशे वीस. खुशबूनं. मी लाल काट मारली आणि बाजूला लिहिलं, "नोटबुक ध्यान से पढ़ो."

आपल्याकडे रिचेकिंगला पेपर अदलाबदल करतात. माझा गठ्ठा तुझ्याकडे आला. तू हिरवा पेन घेऊन तपासत होतीस आणि मी शेजारी बसून स्वेटर विणत होते. तुझा पेन थांबला. "वंदना, उठ."

"काहून?"

"उठ तर. तुझी खुर्ची सोडून चार पावलं चाल."

मला वाटलं, काही तरी गंमत आहे. मी उठले.

"आता साठ वळ. घड्याळाच्या काट्यासारखी, दोन तास पुढे. बस, एवढीच. आता चार पावलं. पुन्हा साठ. पुन्हा चार पावलं."

मी चालले, वळले, चालले. डोळे वर केले तर मी थेट पाण्याच्या मडक्यापाशी उभी. खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तू म्हणालीस, "त्रिकोण झाला असता तर तू खुर्चीत परत आली असती ना?" मग मला परत आणलंस आणि एकशे वीस वळायला लावलंस. प्रत्येक वेळी जवळजवळ मागे तोंड फिरवायचं. तीन वेळा केलं आणि माझ्या गुडघ्याला माझीच खुर्ची लागली.

साठ हा त्रिकोणाच्या आतला कोपरा. कासव तर बाजूच्या टोकाला सरळ तोंड करून उभं असतं, त्याला तिथून किती फिरायचं ते वेगळं. चौकोनात मी वाचले, कारण तिथे आतला कोपराही नव्वद आणि वळणंही नव्वद. हे मला त्या क्षणी कळलं, अगदी पायांना कळलं. पण त्याच क्षणी मला खोलीतलं हसणंही ऐकू आलं. पाणी भरणाऱ्या बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. तू मला चारचौघांत सर्कशीतल्यासारखं फिरवलं होतंस, शैला. तुला ते कळलंच नाही. तू इतकी खूश होतीस! "अगं, त्या पोरीनं कसं काढलं असेल सांग! त्रिकोण शिकवल्यापासून लॅबमध्ये तर तुमचा नंबर आलाच नाही. तिनं चालून पाहिलं असणार. आमच्या पोट्ट्यांना खिडकीतून पाहून पाहून!"

मी म्हटलं, "ठीक आहे. गुण वाढवून देते."

"गुणांचं राहू दे वं. उद्या वर्गात सांग."

"काय सांगू?"

"तुझं चुकलं म्हणून. तिचं बरोबर आहे म्हणून. अडतीस पोरांच्या वहीत चुकीचं लिहून दिलं तू."

"वर्गात कशाला? वह्या मागवते आणि हळूच बदलून घेते."

"हळूच नाही," तू म्हणालीस. तुझा तो आवाज. हेडमास्तरीणबाईचा. "तिच्या पेपरावर सगळ्यांसमोर काट गेली ना? मग सगळ्यांसमोरच सांगायचं."

आणि मी चिडले. जे मनात साचलं होतं ते सगळं त्यातून निघालं. पोरांसमोर बाईच म्हणाली की मी चुकले, तर उद्या तिचं कोण ऐकेल? तू म्हणालीस, "कम्प्युटर दिवसातून शंभरदा म्हणतो ना, चुकलं, पुन्हा करा. त्याच्यावर कोण रागावते?" मी म्हटलं, "मी कम्प्युटर नाही आहे." तू म्हणालीस, "तेच तर. त्याला लाज नाही, तुला आहे. म्हणून तूच सांगायला पाहिजे." मी म्हटलं, तुला माझं कौतुक कधी सहनच झालं नाही, माझ्या वह्या प्रिन्सिपलनी दाखवल्या तेव्हापासून तू दात धरून आहेस. हे मी बोलले. हे शब्द माझे. तू हिरव्या पेनाला टोपण लावलंस.

दुसऱ्या दिवशी मी पेपर वाटले. आणि ऐक, हे मी अजून कोणाला सांगितलं नाही. खुशबूच्या पेपरावरची काट मी तशीच ठेवली. गुणसुद्धा वाढवले नाहीत. बरोबर काय ते मला माहीत होतं आणि तरी मी काट ठेवली, कारण ती काढली असती तर तू जिंकली असतीस. नऊ वर्षांच्या पोरीच्या पेपरावर मी तुझा राग काढला. पेपर हातात घेऊन तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पेपर घडी करून दप्तरात ठेवला.

मग ते अकरा दिवस. "लीजिए", "दीजिए", "आप बैठिए". तुझ्या डब्यातलं लोणचं तुझ्या डब्यात, माझी चटणी माझ्या. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगू वर्गात. रोज वाटायचं, सोमवारी सांगू. शनिवारी शाळा सुटल्यावर तू स्कूटी घेऊन गेटपाशी थांबलीस. मला दिसत होतं की माझ्यासाठीच थांबली आहेस. म्हणालीस, "चलिए, छोड़ दूँ?" तुझ्या तोंडात हसू होतं. "चलिए" म्हणताना तू मला चिडवत होतीस, हे मला तेव्हाही कळलं. मी "सरक पुढे" म्हणून मागे बसायला हवं होतं. मी म्हटलं, "नहीं, आप निकलिए. ऑटो मिल जाएगा."

रविवारी सकाळी भाऊजींचा फोन. "वंदना, शैला उठत नाही आहे." त्यांना वाटत होतं, मी येऊन हाक मारली तर तू उठशील. मी आले. हाका मारल्या. मराठीत मारल्या गं.

तिलवाऱ्याच्या घाटावर तुला पोचवायला गेले सगळे, मी पण गेले. पाण्याकडे पाहत उभी राहिले आणि डोक्यात तेच, बस एक दिवस अजून. फक्त सोमवार. दुसरं कोणी असं म्हटलं असतं तर मीच म्हटलं असतं की इतके दिवस कुठे गेले होते.

आज मी सांगितलं, शैला. हे सगळं लिहायला घेतलं ते आजच्यासाठीच. चौथीला मैदानात नेलं. माझ्या वयाची बाई दोन्ही हातांनी पदर खोचून पोरांसमोर कासव झाली. साठ-साठ वळत चालले आणि सायकल स्टँडला जाऊन धडकले. पोरं हसून लोटपोट. मी हसू दिलं. मग सगळ्यांना खाली बसवलं आणि म्हटलं, "बच्चो, ट्रायंगल मैंने गलत पढ़ाया था. साठ नहीं, एक सौ बीस. पूरी क्लास में खुशबू का सही था और मैंने उसका काट दिया." बोलताना माझे कान तापले होते. पण मला वाटलं होतं तसं आभाळ काही कोसळलं नाही. मागून एकानं हात वर केला. "मैम, तो हम लोगों के नंबर कटेंगे?" मी म्हटलं, "नहीं कटेंगे." झालं. तेवढीच त्यांची काळजी.

वर्गात परत आल्यावर मी खुशबूला वही घेऊन बोलावलं. आपला नियम तुला माहीत आहे, टेस्टमध्ये जे चुकलं ते करेक्शन म्हणून फेअर वहीत पाच वेळा लिहायचं. तिनं ते केलं नव्हतं. त्या अकरा दिवसांत मी तिच्या वहीवर दोनदा लाल पेननं लिहिलं होतं, "करेक्शन अधूरा". एकदा तर आख्खा तास उभं केलं होतं. आज मी पान उघडलं तर "करेक्शन" असं सुंदर अक्षरात शीर्षक, खाली दोन रेघा, एक ते पाच आकडे, आणि पुढे कोरं. मी म्हटलं, "अच्छा किया बेटा, जो साठ नहीं लिखा. पर डाँट खाती रही, बोली क्यों नहीं?"

ती म्हणाली, "शैला मैडम ने मना किया था."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कब?"

"जिस दिन पेपर मिला. मैं सीढ़ी पे रो रही थी. मैडम बोलीं, तुम्हारा सही है. करेक्शन मत लिखना, जगह छोड़ दो. तुम्हारी मैम खुद बताएँगी." मग तिनं आठवून पुढचं सांगितलं, कविता म्हणावी तसं एका दमात. "बोलीं, थोड़ा टाइम लगेगा उनको, पर बताएँगी ज़रूर. मैं जानती हूँ."

शैला, तो दिवस मला ठाऊक आहे. त्याच सकाळी मी तुला "दीजिएगा" म्हटलं होतं. आदल्या दिवशी तुला जळकी ठरवलं होतं. आणि त्याच दुपारी तू जिन्यात बसून माझ्याबद्दल हे बोललीस? मग मला का नाही सांगितलंस, बाई! एकदा कानात येऊन म्हणायचं होतंस, वंदना, ती पोरगी थांबून राहिली आहे. नाही, तू नाही म्हणणार. मी आपण होऊन यायला हवं होतं तुला. अकरा दिवस तू काहीच बोलली नाहीस, आणि मी समजत होते की तू रुसली आहेस.

मी खुशबूची वही टेबलावर घेतली, माझा पेन उघडला आणि त्या पाच आकड्यांपुढे मीच लिहायला लागले. पुढे जा शंभर, उजवीकडे वळ एकशे वीस, तीन वेळा. तिसऱ्या ओळीपासून अक्षरं दिसेनात, तरी लिहिलं. ती शेजारी उभी राहून बोटानं मोजत होती.

"पाँच हो गए, मैम," ती म्हणाली, आणि माझ्या हाताखालून वही हळूच काढून घेतली.